घरच्या गाण्याची ठेव

बडोद्यातल्या कोणत्याही जुन्या मराठी घरी जा. माळ्यावर, जिन्याखाली किंवा कपाटाच्या अगदी खालच्या खणात एक खोके हटकून सापडेल. त्यात कॅसेटी असतात. कुणाच्या आजोबांनी गणेशोत्सवात गायलेला पूरिया, कुणाच्या आत्याबाईंनी म्हटलेली मंगळागौरीची गाणी, कुणाच्या घरी कोजागिरीला रंगलेली बैठक, कुठे एखाद्या बुजुर्ग उस्तादांनी शिष्याला दिलेली अर्ध्या तासाची तालीम. या गाण्याला ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांनी कधी हात लावला नाही. आकाशवाणीच्या संग्रहातही ते नाही. त्याची जगात एकच प्रत आहे, आणि ती त्या खोक्यात धूळ खात पडली आहे.

मी संगीताचा शिक्षक. माझे वडील दरबारच्या कलावंत कारखान्यात अगदी पोरवयात दाखल झालेल्या शेवटच्या काही मंडळींपैकी होते, आणि मी त्यांचा उतारवयातला मुलगा. तेव्हा अशी खोकी घेऊन लोक माझ्याकडे यावेत यात नवल नाही. गेल्या पावसाळ्यापूर्वी दांडिया बाजारातल्या एका आजीबाई नातवाला घेऊन आल्या. पिशवीतून सात कॅसेटी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या ह्यांचा आवाज आहे हो यांत. एवढा कुठेतरी नीट ठेवून द्या." नातू संगणकातला जाणकार, त्याचा प्रश्न अधिक नेमका होता. "सर, डीव्हीडीवर घ्यायचे म्हणतो. पण रायटर कोणता घ्यावा आणि डीव्हीडी कोणत्या जातीची?" हाच प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून काढावे असे मनात आले.

नक्कल हीच खरी तिजोरी

प्रथम एक मूळ गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोणतीही वस्तू अमर नसते. अमर होते ती तिची नक्कल. आपल्या शहराला हे नव्याने सांगावयास नको. येथील प्राच्यविद्या मंदिरात जी हस्तलिखिते आहेत त्यांतील ग्रंथ आपल्यापर्यंत पोचले ते एकच ताडपत्र हजार वर्षे टिकले म्हणून नव्हे, तर दर पिढीला कुणीतरी लेखणी घेऊन त्यांची प्रत उतरवली म्हणून. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, त्यांनी चिजा स्वरलिपीत बसवून छापल्या, पुढे १९१६ साली भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली. या साऱ्यामागे विचार एकच होता. जे एकाच्या कंठात कोंडलेले आहे ते चारचौघांच्या हाती जावे, म्हणजे एक कंठ मिटला तरी चीज मिटणार नाही.

आमच्या गवयांच्या घराण्यांत याच्या उलट रीत होती हेही कबूल केले पाहिजे. अस्ताई शिकवायची आणि अंतरा पोटात ठेवायचा, ही कला कित्येक उस्तादांना उत्तम साधलेली होती. त्या अंतऱ्यांचे पुढे काय झाले, ते स्मशानालाच ठाऊक. खोक्यातली एकुलती एक कॅसेट हे त्याच रीतीचे नवे रूप आहे. फरक इतकाच की तेव्हा हेतू कृपणतेचा असे, आता आळसाचा असतो.

आधी टेप, मग तबकडी

डीव्हीडीचा विचार करण्यापूर्वी टेपकडे पाहावे. कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेली चुंबकीय भुकटी. आपल्याकडची पावसाळी हवा त्या चिकट द्रव्याची वैरीण. फीत चिकट होते, कडेला पांढरी बुरशी धरते, आणि तशीच वाजवली तर भुकटी यंत्राच्या हेडवर खरवडून निघते. ती भुकटी म्हणजेच गाणे! म्हणून बुरशी दिसली की हौसेने बटण दाबू नये, जाणत्याला दाखवावे. चांगल्या फितीसाठीही डेकचे हेड आधी स्वच्छ करून घ्यावे आणि एकदा पुढे-मागे गुंडाळून फीत मोकळी करावी.

दुसरी गोष्ट संगीताच्या माणसाने तरी विसरू नये. कॅसेटचा नियत वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. जुन्या डेकचे पट्टे सैल झाले की हा वेग बिघडतो. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की गाणे पुरते अर्धा स्वर वर किंवा खाली सरकते. काळी एकमध्ये गाणारे आजोबा पांढरी दोनमध्ये ऐकू येऊ लागतात, आवाज कोवळा होतो, लय चढते, आणि नातवंडांना वाटते की आजोबा असेच गात असत. म्हणून ज्यांनी त्या माणसाला प्रत्यक्ष ऐकले आहे अशा कुणाला तरी शेजारी बसवून, तंबोरा कोणत्या पट्टीत लागला आहे हे पेटीवर ताडून मगच मुद्रण करावे. असे ताडून सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यामुळे घाई आहे ती मुख्यतः येथे.

संगणकात आवाज उतरवताना तो मूळ, न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात घ्यावा. एमपी थ्री हे स्वरूप जागा वाचवण्यासाठी कानाला सहज न कळणारा भाग गाळून टाकते. चित्रपटगीत फोनवर ऐकण्यास ते ठीक. परंतु एकदा गाळलेले परत मिळत नाही. मूळ ठेव म्हणून ते ठेवणे म्हणजे तंबोऱ्याच्या जवारीचे सूत काढून घेण्यासारखे आहे. जागा कमी असेल तर फ्लॅक हे स्वरूप वापरावे; त्यात फाइल लहान होते, पण काहीही गळत नाही.

हिशेब असा. सीडीच्या दर्जाचे दोन वाहिन्यांचे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६३५ एमबी जागा घेते. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. म्हणजे एका तबकडीत सात तासांहून अधिक गाणे, अर्थात साठ मिनिटांच्या सात कॅसेटी. त्या आजीबाईंचा सारा संसार एका तबकडीत बसला. अधिक बारकाईने, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांनी मुद्रण केले तर मात्र तासाला दोन जीबींहून थोडे अधिक लागतात आणि तबकडी सव्वादोन तासांत भरते. संगणकावर हीच तबकडी 'साडेचार जीबीहूनही कमी' अशी दिसते. त्याने दुकानदाराशी भांडू नये. संगणक १०२४ च्या पटीत मोजतो आणि कारखानदार हजाराच्या, एवढाच तो भेद.

मायनस आणि प्लस: दोन घराणी

आता मुख्य प्रश्न. दुकानात डब्यावर कुठे 'डीव्हीडी मायनस आर' लिहिलेले असते, कुठे 'डीव्हीडी प्लस आर'. ही दोन घराणी आहेत. मायनस आर पायोनियर कंपनीने १९९७ साली आणली. फिलिप्स, सोनी प्रभृतींच्या दुसऱ्या गटाने २००२ साली प्लस आर आणली. काही काळ एका घराण्याचा रायटर दुसऱ्या घराण्याच्या तबकडीला शिवत नसे, आणि घेणाऱ्याची मोठी पंचाईत होई. परंतु २००२ सालीच दोन्ही लिहिणारा रायटर बाजारात आला, आणि पुढे सगळेच रायटर तसे होऊ लागल्यावर भांडणात राम उरला नाही.

दोहोंत लिहिण्याची रीत एकच आहे. तबकडीच्या पोटात एका सेंद्रिय रंगाचा थर असतो. लेसरचा तीव्र किरण तो ठिकठिकाणी तापवून त्यावर खुणा उठवतो, आणि वाचताना सौम्य किरण त्याच खुणा ओळखत जातो. किरणाला वाट दाखवण्यासाठी जे कोरीव मार्गचिन्ह असते, त्याच्या पद्धतीत काय तो फरक. प्लसची पद्धत किरणाला अधिक नेमकी जागा दाखवते असे जाणकार म्हणतात. उलट दिवाणखान्यातले जुने डीव्हीडी प्लेयर मायनस अधिक सहज वाचतात. तेव्हा संगणकावर फाइली साठवायच्या असतील तर कोणतीही चालेल. घरच्या लग्नामुंजीची चित्रफीत जुन्या प्लेयरवर पाहावयाची असेल तर मायनस घ्यावी.

घराण्यापेक्षा तालीम महत्त्वाची, तसे येथेही चिन्हापेक्षा माल महत्त्वाचा. डब्यावरचे नाव आणि प्रत्यक्ष कारखाना यांचा पुष्कळदा संबंध नसतो. तबकडीत खऱ्या उत्पादकाची सांकेतिक खूण कोरलेली असते व ती संगणकावर साध्या साधनाने वाचता येते. पहिला डबा घेतल्यावर ती जरूर पाहावी. चकत्यांच्या थप्पीतून सुट्या काढून विकलेल्या बिननावाच्या तबकड्या कितीही स्वस्त असल्या तरी ठेवीसाठी घेऊ नयेत. एका विद्यार्थ्याच्या घरी अशा स्वस्त तबकड्यांवर घेतलेल्या बैठकी चार वर्षांत वाचेनाशा झाल्याचे मी पाहिले आहे. कडेकडून रंग उडाला होता. आणि डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जात असल्याने प्रत्येक तबकडीतली भैरवी आधी गेली.

काय घेऊ नये हेही सांगतो. 'आरडब्ल्यू', म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी तबकडी, रोजच्या कामाला सोयीची. तिच्यात रंगाऐवजी धातूचे मिश्रण असते आणि ती सुमारे हजार वेळा लिहिता येते. पण जे पुसता येते ते कुणीतरी पुसतेच. ठेवीसाठी एकदाच लिहिली जाणारीच बरी. ८.५ जीबींची दुहेरी थराची तबकडीही टाळावी. तिचा दुसरा थर पहिल्याच्या आरपार पाहून वाचावा लागतो, म्हणून चुकण्याला वाव अधिक. एका मोठ्या हंड्यापेक्षा दोन लहान कळश्या बऱ्या.

याउलट ज्यांना ऐपत आणि चिकाटी दोन्ही आहेत त्यांनी 'एम-डिस्क' मिळते का ते पाहावे. तिच्यात सेंद्रिय रंग नसून दगडासारखा निरिंद्रिय थर असतो, त्यामुळे ऊन आणि दमट हवा यांनी तो विटत नाही. उत्पादकांचा दावा हजार वर्षांचा आहे. हजार वर्षे कुणी पाहिली आहेत! तरी साध्या तबकडीपेक्षा ती दमदार असते, हे तिच्या रचनेवरूनच समजते. मात्र ती लिहिण्यास अधिक तीव्र किरण लागतो, म्हणून रायटरवर एम-डिस्कची खूण असावी लागते. वाचण्यास साधा डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो.

रायटर कोणता?

हल्लीच्या लॅपटॉपला तबकडीचे तोंडच नसते. तेव्हा यूएसबीने जोडायचा, पातळ, बाहेरचा रायटर घ्यावा. जुना मोठा संगणक घरी असेल तर त्यात आत बसणारा जाड रायटर अधिक चांगला. तो तबकडीला भक्कम धरतो. रायटर मायनस, प्लस आणि एम-डिस्क या तिन्ही लिहितो ना एवढे पाहावे. वेगाच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. यूएसबीची तार थेट संगणकाला जोडावी, मध्ये जोडपट्टी नको. वीज कमी पडली की तबकडी अर्ध्यातच वाया जाते.

आणि शक्य असेल तर दोन रायटर घ्यावेत, एक वापरायचा आणि एक डब्यात ठेवायचा. याचे कारण बाजाराची दिशा. जपानची ताइयो युडेन ही उत्तम तबकड्यांसाठी नावाजलेली कंपनी २०१५ च्या अखेरीस या धंद्यातून निघाली. आपल्या देशातील मोझर बेअरवर २०१८ साली दिवाळखोरीत कारखाना विकण्याची पाळी आली. सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवले. अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या पुष्कळ घरांत आहेत आणि त्या वाजवणारे यंत्र कुठेच नाही, ही अवस्था आपण पाहिलेली आहे. तीच येथे येऊ नये.

लिहिण्याची व ठेवण्याची रीत

तबकडी लिहिताना सर्वांत वेगाने लिहू नये आणि अगदी मुंगीच्या पावलांनीही नको. सोळा पट वेगाची तबकडी चार किंवा आठ पटीने लिहावी. आठ पटीने सात-आठ मिनिटांत काम होते. त्या वेळात संगणकावर दुसरे काही करू नये. शेवटी तबकडी 'बंद' करावी, म्हणजे इतर यंत्रांवर ती वाचता येते. आणि 'पडताळणी'चा पर्याय कधीही सोडू नये. लिहिले गेले आणि नीट लिहिले गेले या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी प्रत्येक फाइलचा चेकसम काढून तोही तबकडीवर ठेवावा. हा एक आकड्यांचा ठसा असतो. पुढे दहा वर्षांनी तो पुन्हा काढून जुळला, तर एक कणही बिघडलेला नाही याची खात्री पटते.

तबकडीवर कागदी लेबल चिकटवू नये. तोल जातो आणि गोंदही बाधतो. मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या पेनाने क्रमांक लिहावा. डीव्हीडीचा थर दोन प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांच्या मधोमध सुरक्षित असतो, पण सीडीचा थर नावाच्या बाजूस अगदी वरच असतो. तिथला ओरखडा सीडीचा जीव घेतो. पुसणे झाल्यास मधून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवून नव्हे.

अमेरिकेतील राष्ट्रीय मापन संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तबकड्या ४ ते २० अंश सेल्सियस तपमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात असे म्हटले आहे. बडोद्याच्या वैशाखात हे वाचून हसू येईल. तरी घराच्या मधल्या खोलीत, भिंतीला न टेकलेल्या लोखंडी कपाटात, डब्यात उभ्या ठेवून, सोबत ओल शोषणारी पुडी टाकली तर पुष्कळ साधते. माळा नको, खिडकी नको, मोटारीचा खण तर मुळीच नको.

आणि एक वही हवी. कोण गाते, कोणता राग, साथीला कोण, कोणाच्या घरी, कोणत्या साली, आणि तंबोरा कोणत्या पट्टीत. त्यावाचून तबकडी म्हणजे नाव नसलेला फोटो. ही माहिती घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून आजच लिहावी. यंत्र उद्याही मिळेल.

तीन प्रती, दोन जाती, एक परगावी

इतके सांगितल्यावरही माझे मत असे आहे की केवळ डीव्हीडीवर विसंबू नये. या विषयातील जाणत्यांचा एक साधा नियम आहे: प्रती तीन असाव्यात, त्या किमान दोन निरनिराळ्या जातींच्या वस्तूंवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या गावी असावी. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक डीव्हीडीवर, एक परगावच्या नातलगाकडे. हार्ड डिस्क एकदम मरते, तबकडी हळूहळू मरते. दोन्ही एकाच दिवशी मरणे कठीण. शिवाय तबकडीचा एक गुण असा की चुकून पुसली जात नाही आणि संगणकाला जडलेला रोग तिला लागत नाही. पेनड्राइव्ह मात्र नेण्या-आणण्याची पिशवी आहे, तिजोरी नव्हे.

दुसऱ्या गावाचे महत्त्व पुणे-मुंबईकडे सांगावे लागेल, येथे नाही. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी शहरात कसे शिरले ते आपण सर्वांनी पाहिले. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी तळमजल्यावर तीन दिवस कमरेएवढे पाणी होते. कॅसेटी कपाटाच्या खालच्या खणात, त्यांवरून घेतलेल्या तबकड्या वरच्या खणात आणि हार्ड डिस्क टेबलावर. पाणी ओसरल्यावर चिखलाशिवाय काही हाती लागले नाही. परंतु वर्षभरापूर्वी पुण्याच्या मावशीने हट्टाने एक संच मागून नेला होता. तो तिने कुरिअरने पाठवला, आणि आजोबांचा मालकंस पुन्हा त्या घरात वाजला. मावशीला संगणकातले काही कळत नाही. तिला फक्त भावाचा आवाज हवा होता.

आपल्या मराठी कुटुंबांची मुले-बाळे आज पुणे, बंगलोर, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशी पांगली आहेत. घरे ओस पडली म्हणून आपण हळहळतो. या कामी मात्र ते पांगणे उपकारक आहे. दिवाळीत मंडळी एकत्र येतात तेव्हा फराळाच्या डब्याबरोबर प्रत्येकाच्या हाती एक तबकडी द्यावी आणि दर पाच वर्षांनी कुणीतरी नवी प्रत काढावी, असा घराचा नियमच करून टाकावा. फैय्याज खाँसाहेब १९५० साली गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या आणि अनेकांच्या घरी पोचल्या होत्या, म्हणून आज माझ्या वर्गातली दहा वर्षांची मुलगी त्यांची तान ऐकून थक्क होते. त्यांच्याच काळात, त्यांच्याच मैफलीत मागे बसून सूर देणाऱ्या कितीतरी गुणी माणसांचा एक स्वरही उरलेला नाही. त्यांच्यानंतरच्या पिढीचा स्वर तुमच्या-आमच्या खोक्यांत अजून जिवंत आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी ते खोके खाली उतरवावे.